माळावरच्या शिबिरकेंद्रांचा वारसा : औंधच्या संदर्भात एक आढावा

गावापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी किंवा उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या निवासी शिबिरकेंद्राचा शेवट महाराष्ट्रात बहुधा वकिलाने दिलेल्या जाहीर नोटिशीने होतो. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि मिळकत निर्वेध असल्याचा निर्वाळा एवढाच मजकूर त्या नोटिशीत असतो. त्या जागेवर किती शाळांच्या तुकड्या येऊन गेल्या, दोरावरून कडा उतरण्याचे पहिले धडे तेथे कोणी दिले, शेजारच्या वाडीतील किती घरांची चूल त्या शिबिरांवर चालत होती, हे तीत येण्याचे कारण नसते, कारण कायद्याच्या दृष्टीने विकली जाते ती जमीन. जमिनीखेरीज अशा केंद्राचे आणखी दोन घटक असतात : एक म्हणजे ते चालवणारी व्यवस्था, तिच्यात प्रशिक्षक, हिशेब, विमा, नियमावली आणि चौकीदार हे सारे आले, दुसरा म्हणजे त्या जागेचा वर्षानुवर्षे रुळलेला वापर. हे तीन घटक एकाच वेळी संपत नाहीत आणि एकाच कारणाने तर क्वचितच संपतात, म्हणून बंद पडणे आणि विकले जाणे या दोन घटनांचा विचार वेगवेगळा करणे आवश्यक ठरते.

अशी केंद्रे का बंद पडतात किंवा विकली जातात, या प्रश्नाची जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती तीन आहेत : पैसा संपला, सुरक्षेचे नियम जाचक झाले, किंवा लोकांची आवड बदलली. तिन्हींत तथ्य आहे. तथापि सारख्याच आर्थिक ओढाताणीत एक केंद्र टिकते आणि दुसरे विकले जाते याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो करायचा तर संस्थेच्या स्थापनेच्या वेळी केलेल्या कागदपत्रांकडे वळावे लागते, म्हणजे संस्थापक बाजूला झाल्यावर जमीन, जबाबदारी आणि खर्च यांचा वारस कोण, हे त्या कागदांत कसे ठरवले होते किंवा ठरवायचे राहून गेले होते, याकडे. हा मुद्दा तपासण्यासाठी औंध संस्थानासारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे, कारण तेथे उघड्यावरचा व्यायाम, निवासी शिक्षण आणि खुली वसाहत यांचे अनेक प्रयोग एकाच आश्रयदात्याने चालवले आणि १९४८ मध्ये तो आश्रयदाताच राज्यकर्ता म्हणून उरला नाही.

औंधकडे येण्यापूर्वी या प्रकारच्या केंद्रांचा उगम थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे. निवासी साहस-प्रशिक्षणाची आधुनिक कल्पना सामान्यतः कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाशी जोडली जाते. त्याने जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अॅबरडोवी येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. पाठोपाठ इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याच्या ५३ व्या कलमाने करमणूक आणि शारीरिक शिक्षणाच्या सोयी पुरेशा आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली आणि त्यासाठी शिबिरे उभारण्याची मुभाही दिली. त्या मुभेतून डर्बीशर परगण्याने बक्स्टनजवळ व्हाइट हॉल हे केंद्र सुरू केले. त्यामागे परगण्याचे शिक्षणाधिकारी जॅक लाँगलँड होते, जे १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेले गिर्यारोहक होते. पुढील दोन दशकांत ब्रिटनमधील अनेक परगण्यांनी जुनी शिकारघरे, बंद पडलेल्या शाळा आणि डोंगरातील वाडे घेऊन अशीच केंद्रे काढली.

या केंद्रांना उतरती कळा कशी लागली हे भारतीय वाचकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे, कारण ती एका फटक्यात लागली नाही. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळेच्या वेळेतील शिक्षणासाठी पालकांकडून शुल्क घेण्यास मनाई केली, निवास आणि भोजनाचा खर्च तेवढा घेता येईल असे ठरवले आणि त्याच सुमारास अंदाजपत्रकाचा मोठा भाग प्राधिकरणाकडून थेट शाळांकडे सोपवला. परिणामी दूरचे केंद्र चालवण्यासाठी मध्यवर्ती तिजोरीत उरणारा पैसा आटत गेला आणि केंद्राला प्रत्येक शाळेकडे गिऱ्हाइकासारखे पाहावे लागले. मार्च १९९३ मध्ये लाइम बे येथे कयाकमधून समुद्रात गेलेल्या चार विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, शिबिर चालवणारी कंपनी मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली आणि १९९५ च्या कायद्याने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. हा परवाना आवश्यकच होता. त्यामुळे वाढलेला खर्च मात्र ज्यांच्यामागे मोठी संस्था होती त्यांनाच पेलला. २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत अनेक परगण्यांनी आपली केंद्रे बंद केली, विकली किंवा विश्वस्त संस्थांकडे सोपवली. अॅबरडोवीची शाळा मात्र स्वतंत्र विश्वस्त संस्थेची असल्यामुळे परगण्याच्या अंदाजपत्रकाशी तिचे नशीब बांधलेले नव्हते आणि ती आजही चालू आहे.

भारतात या क्षेत्रातील प्रमुख संस्था वेगळ्या पायावर उभ्या राहिल्या. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ मध्ये स्थापन झाली. संरक्षण मंत्रालय आणि संबंधित राज्य सरकार यांच्या संयुक्त आधारामुळे विक्रीचा प्रश्न तेथे कधी आलाच नाही. सह्याद्रीतील गिर्यारोहणाची परंपरा याउलट बिनजमिनीच्या मंडळांची आहे. मुंबईच्या ‘गिरिविहार’सारख्या संस्था १९५० च्या दशकापासून सभासदांच्या वर्गणीवर आणि रविवारच्या सुट्टीवर चालल्या, कड्यांवर मालकी सांगण्याची गरज त्यांना पडली नाही आणि विकण्यासारखेही त्यांच्याकडे काही साठले नाही. स्वतःची जमीन घेऊन बांधलेली कायम केंद्रे महाराष्ट्रात प्रामुख्याने अलीकडच्या काही दशकांतील आहेत, आणि त्यांच्याबाबत वारसाचा प्रश्न आता कुठे उभा राहू लागला आहे.

औंध संस्थान हे विस्ताराने लहान, सुमारे ५०० चौरस मैलांचे आणि ७२ गावांचे होते, आणि ती गावेही सलग नव्हती. औंध हे राजधानीचे गाव आजच्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल हे तालुके आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा तुकडा विजापूरकडे होता. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी मिळालेली जमीन ही या संस्थानाच्या औदार्याची सर्वाधिक प्रसिद्ध खूण. पावसाच्या दृष्टीने हा बहुतेक भाग अवर्षणाचा. १९०९ पासून संस्थानाचा कारभार पाहणारे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. संस्थानच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते, त्यांवर बाळासाहेबांनी मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आणि १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकर्तीच्या साहाय्याने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच आश्रयाने १९१८ च्या सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला आले, तेथे त्यांचे स्वाध्याय मंडळ आणि मुद्रणालय वाढले, आणि वेदाभ्यासाच्या जोडीने व्यायामाचा प्रचारही त्या मंडळाच्या प्रकाशनांतून होत राहिला.

प्रस्तुत विषयाशी सर्वांत निकटचा प्रयोग मात्र आटपाडीजवळ झाला. बाळासाहेबांचे पुत्र बॅरिस्टर आप्पासाहेब पंत आणि स्वामी भारतानंद या नावाने वावरणारे पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन हे दोघे गांधीजींशी विचारविनिमय करून संस्थानासाठी ग्रामस्वराज्याच्या धर्तीची राज्यघटना तयार करत होते. ती १९३९ च्या आरंभी अमलात आली आणि त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत सुरू झाली. खुली वसाहत म्हणजे जिच्याभोवती तट नाही, जेथे शिक्षा झालेले कैदी शेती करून राहतात आणि कुटुंबालाही बरोबर ठेवू शकतात, असा कारागृहाचा प्रकार. तिला मैदानी प्रशिक्षणाचे केंद्र म्हणणे काहींना ओढून-ताणून केल्यासारखे वाटेल. परंतु दुर्गम जागा, उघड्यावरचे श्रम, निवास, आणि माणूस त्या जागेतून बदलून बाहेर पडावा ही अपेक्षा, या चारही खुणा तिच्यात आहेत, आणि हानच्या शाळेपेक्षा ती दोन वर्षांनी जुनी आहे.

कुंडलचे उदाहरण त्याच्या अगदी उलट टोकाचे आहे. १९४३ नंतर साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे राहिले त्याच्या तूफान सेनेचे एक प्रमुख ठाणे कुंडलमध्ये होते, तेथील जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने तरुणांना शिस्तीचे आणि धाडसाचे शिक्षण दिले गेले आणि शेजारच्या ब्रिटिश मुलखात मोहिमा काढण्यात आल्या. ना सातबारा, ना घटना, ना खाते, अशी ही ‘संस्था’ होती. काम संपले तेव्हा ती विसर्जित झाली आणि विकण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. कुंडल परिसरात आज राज्याच्या वन विभागाची निवासी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. तूफान सेनेशी तिचा संबंध लावण्याचे कारण नाही, पण उघड्यावरचे प्रशिक्षण याच माळाला पुन्हा शोधत आले हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाची कथा सामान्यतः सह्या आणि तनख्यांच्या अंगाने सांगितली जाते. संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती मालमत्तेच्या याद्यांची प्रक्रिया. प्रत्येक संस्थानिकाने आपली खाजगी मालमत्ता कोणती याची यादी भारत सरकारला सादर करायची, तिची छाननी होऊन ती मान्य व्हायची आणि उरलेले सारे संस्थानचे, म्हणजे नव्या राज्याचे ठरायचे, अशी ती पद्धत होती. पिढ्यान्‌पिढ्या एकाच तिजोरीतून चाललेला वाडा, देवस्थान, शाळा, चित्रसंग्रह आणि शेतजमीन यांच्यामध्ये काही महिन्यांत रेघ ओढायची होती. एखादे केंद्र रेघेच्या कोणत्या बाजूला पडले यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून राहिले; त्या केंद्राचे काम किती चांगले होते हा प्रश्न त्या यादीच्या रकान्यात बसणारा नव्हता.

औंधच्या प्रयोगांच्या वाट्याला आलेल्या गती एकमेकींहून भिन्न आहेत. स्वतंत्रपूर कारागृह खात्याकडे गेले आणि आजही महाराष्ट्राच्या खुल्या वसाहतींत त्याची गणना होते. १९३८ मध्ये मूळपीठ डोंगराच्या अंगावर उघडलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय शासनाकडे आले. राजा रविवर्मा यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे दगडी शिल्प तालुक्याच्या ठिकाणाहूनही लहान गावात पाहायला मिळते ते त्यामुळे. स्वाध्याय मंडळाने, गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीच्या त्या वर्षात, औंध सोडले आणि गुजरातमधील पारडी येथे बिऱ्हाड केले. सातवळेकरांचे पुढील वीस वर्षांचे कार्य, १९६८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, तेथेच झाले. १९४० मध्ये शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ अंतुबुवा जोशी यांच्या परंपरेत सुरू झालेला संगीत महोत्सव कोणाच्याच यादीत नव्हता, आणि तो दरवर्षी औंधला भरत राहिला. ग्रामस्वराज्याची घटना संपली. शाळांतील सक्तीचे सूर्यनमस्कारही संपले, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर त्यांचे औंधचे घर मोडले आणि ते जगभरच्या योगवर्गांत विखुरले. जोसेफ ऑल्टर, मार्क सिंगलटन आणि इलियट गोल्डबर्ग या अभ्यासकांनी आधुनिक योगाच्या इतिहासात औंधच्या राजाला जे स्थान दिले आहे ते या विखुरण्यामुळेच.

या उदाहरणांत एक क्रम दिसतो. ज्याच्यावर शासनाच्या एखाद्या खात्याचे नियमित लेखाशीर्ष चढले, म्हणजे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ज्याच्या नावाने रक्कम पडू लागली, ते जागेवर राहिले. जे एका व्यक्तीच्या विद्वत्तेवर आणि यंत्रसामग्रीवर उभे होते ते व्यक्तीबरोबर हलले. ज्याला जागेची मालकी नव्हतीच, पण दिवस ठरलेला होता, ते गुरुशिष्यांच्या साखळीने तगले. आणि जे केवळ राजाच्या हुकमावर चालत होते ते हुकूम थांबताच थांबले, मग त्यामागचा विचार कितीही थोर असो. औंधविषयीच्या लेखनात या बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे म्हणावे लागते. इंदिरा रोदरमुंड यांचा १९८३ मधील औंध प्रयोगावरचा अभ्यास घटनेकडे आणि ग्रामपंचायतींकडे पाहतो, आप्पासाहेब पंतांचे १९८९ मधील इंग्रजी पुस्तक वडिलांच्या व्यक्तिमत्त्वाकडे आणि गांधीजींच्या सहवासाकडे पाहते, आणि योगाचे इतिहासकार नमस्कारांच्या प्रवासाकडे.

स्वतंत्रपुराच्या लोकप्रिय आकलनातही हीच त्रुटी आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट या प्रयोगावरून सुचला आणि त्याचे लेखन औंध संस्थानच्याच मातीतील ग. दि. माडगूळकर यांनी केले. चित्रपटात सारा भार एका जेलरच्या नजरेवर आहे. कैदी बदलतात ते त्याच्या डोळ्यांच्या धाकाने आणि मायेने. कथेसाठी ते योग्यच आहे. प्रशासनाचा इतिहास मात्र असे सांगतो की फ्रिडमन गेले, आप्पासाहेब १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून गेले, बाळासाहेब १९५१ मध्ये वारले, आणि तरीही वसाहत चालू राहिली, कारण नंतर नेमले गेलेले, कोणाच्याही लक्षात न राहिलेले अधिकारी ठरलेल्या नियमांनुसार ती चालवत होते. संस्थापकांच्या तसबिरींना दरवर्षी हार घालणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनी या बिनचेहऱ्याच्या सातत्याची दखल क्वचितच घेतली आहे.

वारसाचा हाच प्रश्न आजच्या केंद्रांनाही लागू आहे. आजच्या महाराष्ट्रात शिबिरकेंद्र काढणाऱ्याला जमीन तीन वाटांनी मिळते, आणि प्रत्येक वाटेत विक्रीचा प्रश्न आधीच दडलेला असतो. पहिली वाट सरकारी जमिनीची. शैक्षणिक किंवा क्रीडाविषयक कामासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली आणि १९७१ च्या सरकारी जमीन विल्हेवाट नियमांखाली जमीन सवलतीने दिली जाते. तेव्हा ती ‘भोगवटादार वर्ग दोन’ म्हणून नोंदवली जाते, म्हणजे धारकाला तिचा वापर करता येतो, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. ज्या कारणासाठी दिली त्याहून वेगळा वापर झाला तर त्याला शर्तभंग म्हणतात आणि शासन जमीन परत घेऊ शकते. अशा जमिनीवरचे केंद्र बंद पडले की ते विकले जाण्याऐवजी कुजत पडते, कारण विश्वस्तांना चालवणे परवडत नाही आणि सोडून दिले तर आजवरच्या बांधकामावर पाणी सोडावे लागते.

दुसरी वाट सार्वजनिक न्यासाची, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मिळकत विकणे, दान करणे किंवा अदलाबदल करणे, तसेच बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यांसाठी आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. हे संरक्षण खरे आहे, पण त्याचा रोख न्यासाला योग्य किंमत मिळते की नाही याकडे अधिक असतो; ती जागा ज्या वापरासाठी होती तो वापर पुढे चालावा याची हमी त्यातून आपोआप मिळत नाही. वास्तविक त्याच कायद्याच्या ५५ व्या आणि ५६ व्या कलमांत, मूळ हेतू पार पाडणे अशक्य किंवा अनुचित झाल्यास मालमत्ता त्या हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामी लावण्याचा निर्देश न्यायालयाकडून मिळवण्याची सोय आहे. शिबिरकेंद्र बंद होताना विश्वस्तांपुढे खुला असलेला हा मार्ग विक्रीपेक्षा वेळखाऊ आहे, आणि कर्जात बुडालेल्या न्यासाला तो सुचवणे सोपे नाही हेही मान्य केले पाहिजे.

तिसरी वाट खाजगी शेतजमिनीची. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना परवानगीचा अडथळा असतो, १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर ठरवली आहे, आणि राहण्याची सोय बांधायची तर अकृषिक परवानगीचा, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एनए’चा प्रश्न येतो. म्हणून पुष्कळ केंद्रे संस्थेच्या नावाने असली तरी जमीन एखाद्या संस्थापकाच्या वैयक्तिक सातबाऱ्यावर असते. तो हयात असेपर्यंत सारे सुरळीत चालते; त्याच्यानंतर मुलाबाळांची वारसनोंद होते, आणि शिबिरांशी संबंध नसलेल्या वारसांना आपला हिस्सा मागण्याचा पूर्ण अधिकार असतो. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. संस्थापकानेच जमीन आणि कार्य यांचे कागद एक केले नव्हते.

शासकीय मालमत्तांची कथा थोडी वेगळी आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने दूरच्या ठिकाणी, खाजगी हॉटेलांनी पाऊल टाकण्यापूर्वी, निवासस्थाने उभारली. पुढे ती ठिकाणे गजबजली तेव्हा, २०२० मध्ये, महामंडळाच्या काही जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी विकासकांना देण्याच्या धोरणाला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षी काही किल्ले पर्यटन-निवासासाठी भाड्याने देण्याची बातमी येताच जो जनक्षोभ उसळला आणि शासनाला ऐतिहासिक महत्त्वाचे किल्ले त्यात नाहीत असा खुलासा करावा लागला, त्याच्याशी या शांत हस्तांतराची तुलना बोलकी आहे : किल्ल्याच्या बाबतीत वापराचा हक्क सर्वांचा आहे अशी लोकभावना होती, आणि निवासस्थानाच्या बाबतीत ती नव्हती.

चालू खर्चाचे गणित सर्वत्र सारखेच आहे. शाळांच्या सहली आणि शिबिरे दिवाळीनंतर वार्षिक परीक्षांची तयारी सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत आणि पुन्हा उन्हाळी सुट्टीत येतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात माणदेशासारख्या भागात बाहेरचे उपक्रम आखडतात. चौकीदाराचा पगार, विहिरीचा पंप, दोरांची आणि हार्नेसची मुदतीनुसार बदली, आणि अपघाताचा विमा मात्र बारमाही. प्रशिक्षक तरुण असतात, दोन-तीन हंगामांनी हिमालयाकडे किंवा शहरातल्या नोकरीकडे वळतात, आणि प्रत्येकाबरोबर त्या विशिष्ट कड्याचे, ओढ्याचे, वाऱ्याचे ज्ञान निघून जाते. राज्याने साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये सुरक्षाविषयक शासन निर्णय आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून नोंदणी व पात्रतेचे निकष घातले. लाइम बेनंतरच्या ब्रिटनमध्ये जे घडले ते पाहता येथेही लहान केंद्रांवर त्याचा भार अधिक पडणार हे उघड आहे. त्यावर उपाय निकष सैल करणे हा नसून, एकाच तालुक्यातील केंद्रांनी प्रशिक्षक आणि बचावसाहित्य सामायिक ठेवणे हा अधिक शहाणपणाचा ठरेल.

दुर्गमता हा गुणही कायम टिकत नाही, आणि विक्रीची वेळ पुष्कळदा त्याच्या बदलण्यावरून ठरते. आटपाडी तालुक्यात टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी पोहोचल्यावर ज्या माळांना कोणी विचारत नव्हते त्यांना डाळिंबाच्या आणि उसाच्या हिशेबाने भाव आला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील उंच पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि वाऱ्याचा जोर, जो तंबूला त्रासदायक होता, तोच जमिनीची किंमत वाढवू लागला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाल्यावर नव्या बांधकामावर निर्बंध आले. याचा अनपेक्षित परिणाम असा की निर्बंधांपूर्वी कायदेशीरपणे बांधलेल्या प्रत्येक इमारतीला दुर्मिळतेचे मोल चढले, मग ती वसतिगृहाची असो की शिबिराची. निसर्गरक्षणाचा नियम अशा रीतीने निसर्गशिक्षणाची जागा विकण्याचा मोह वाढवू शकतो.

विक्रीनंतर काय उरते, या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती ब्रिटनपेक्षा बिकट आहे. तेथे पायवाटांवरील सार्वजनिक हक्काची जुनी परंपरा आहे, आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगराळ, उघड्या प्रदेशावर पायी फिरण्याचा हक्कही दिला. केंद्र विकले गेले तरी डोंगर बंद होत नाही. महाराष्ट्रात १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यातील पाचवे कलम आणि महसूल संहितेतील १४३ वे कलम शेतकऱ्याला त्याच्या शेताकडे जाणारी वाट मिळवून देतात, पण कड्याकडे जाणाऱ्या मुलांच्या तुकडीला तशी वहिवाट सांगता येत नाही. त्यामुळे खाजगी माळावरच्या केंद्राला नव्या मालकाचे कुंपण पडले की आसपासचा चढ-उतारही त्याच्या मर्जीवर जातो, आणि फक्त वन विभागाच्या हद्दीतील भाग, त्या विभागाच्या परवानगीने, खुला राहतो. स्थानिक ग्रामपंचायतीने गावनकाशावरील गाडीवाटा आणि पाऊलवाटा वेळीच तपासून घेतल्या तर यातील काही हानी टळू शकते, कारण नकाशावर दाखवलेली वाट खरेदीखताने नाहीशी होत नाही.